देवी काढली, कीड राहिली

म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे एक मोठे तैलचित्र थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने सुमारे 1805 साली रंगविले. त्या नर्तकी असाव्यात असा समज पुढे पुष्कळ काळ चालत आला. परंतु इतिहाससंशोधक नायजेल चॅन्सेलर यांनी जुने कागद पडताळून असा निर्णय दिला की, हे तिसऱ्या कृष्णराज वाडियारांच्या अंतःपुरातील चित्र असून उजवीकडे उभी असलेली तरुणी ही त्या अल्पवयीन राजाची नववधू देवजम्मणी होय. चित्रात तिने डाव्या दंडावरील पदर बाजूला सारलेला आहे. पडद्यातल्या राजस्त्रीने परक्या पुरुषासमोर दंड उघडा ठेवावा आणि चित्रकाराने नेमका तोच भाव कायमचा करावा, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे. त्या दंडावर देवीची लस टोचली होती, आणि राणीने स्वतः ती टोचून घेतली आहे हे रयतेच्या नजरेस यावे म्हणून ते चित्र काढविले गेले, असे चॅन्सेलर यांचे प्रतिपादन आहे. डावीकडील राणीच्या नाकाखाली व ओठांभोवती त्वचा विवर्ण झालेली दिसते. देवीच्या खपल्यांचे चूर्ण नाकाने ओढून घेण्याची जी जुनी रीत होती, तिची ती खूण असावी. जुना उपाय आणि नवा उपाय असे एकाच चौकटीत शेजारी शेजारी उभे आहेत.

हिंदुस्थानात ही लस प्रथम उतरली ती मुंबईस. 14 जून 1802 रोजी अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली, आणि तिच्या फोडातला द्रव दुसऱ्या मुलाच्या दंडात, त्याचा तिसऱ्याच्या, असा हातोहात तो देशभर पसरला. आपल्या भाषेने या साऱ्या व्यवहाराची नोंद मोठ्या इमानाने ठेवली आहे: 'लस' हा शब्द मुळात जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाचा, आणि 'देवी काढणे' हा वाक्प्रचार तर देवीचा रोग नाहीसा होऊन कित्येक वर्षे लोटली तरी आमच्या पिढीच्या तोंडून गेलेला नाही. ज्या शहराने लशीच्या प्रचारासाठी आपली राणी पुढे केली, त्या शहरात राहून आज मी ज्या लशीविषयी लिहीत आहे, ती मात्र अद्याप कोणाच्याही दंडापर्यंत पोचलेली नाही.

निमित्त असे घडले की, आमच्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलाची दाढ रात्रभर ठणकत होती, आणि त्याच्या आईबरोबर मीही येथल्या एका दंतरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या बोळ्याने मुलाच्या दातांवर एक लाल औषध फिरविले व त्याला चूळ भरावयास सांगितले. जेथे दात खरोखर स्वच्छ होता तेथला रंग पाण्याबरोबर वाहून गेला. परंतु हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि दाढेच्या खोलगट चिरांत तो गडद होऊन बसून राहिला. बाईंनी बारीक सळईच्या टोकाने त्यातला थोडा अंश खरवडून आम्हांला दाखविला. साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान, ओलसर, पिठूळ असा तो कण होता. असल्या थराच्या एका मिलिग्रॅमात दहा कोटींहून अधिक जीवाणू मावतात हे मी पुस्तकात वाचलेले होते, पण लहान मुलाच्या तोंडातून निघालेला तो कण प्रत्यक्ष पाहताना त्या आकड्याला जे वजन आले ते वाचताना आले नव्हते. मुलाची आई कानडीत म्हणाली, "हुळ" लागलेय ना? म्हणजे किडा. किडलेल्या दाताला कानडीत 'हुळुकु हल्लु' म्हणतात. आपणही 'कीड लागली' असेच म्हणतो. मग तिने विचारले, पोलिओला थेंब आहेत, गोवराला सुई आहे, मग याला का नाही? बाई हसल्या आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या, कारण बाकावर अजून तीसएक माणसे बसलेली होती. त्या आईचा प्रश्न मात्र अतिशय रास्त होता, आणि त्याचे उत्तर तिला पाच मिनिटांत देण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेख.

दातात किडा असतो ही कल्पना फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या गणनेत 'कृमिदंतक' येतो. आणि रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन दाढेतले किडे पाडण्याचा उपाय आपल्या खेड्यांतून अगदी परवापर्यंत चालत होता. डोळ्यांना दिसणारा किडा तेथे नव्हता हे खरे, तथापि काहीतरी सजीव आत शिरून दात खाते हा पूर्वजांचा अंदाज सपशेल चुकलेला नव्हता. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने 1890 च्या सुमारास दाखवून दिले की, तोंडातील जीवाणू अन्नातील पिष्ट व शर्करा यांचे आम्ल बनवितात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते. कोणता जीवाणू, हे मात्र त्याला निश्चित करता आले नाही. 1924 साली लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क याने किडलेल्या दातांतून एक साखळीरूप जीवाणू वेगळा काढला, आणि त्याचे आकार पालटताना दिसले म्हणून त्याला 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' हे नाव दिले. त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाचे वैद्यकीय महाविद्यालय बंगळुरास सुरू झाले व 1930 साली ते म्हैसुरास आले. योगायोगापलीकडे या दोन घटनांचा संबंध नाही; पण त्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकड्या शिकून बाहेर पडून वृद्ध झाल्या तरी क्लार्कचा जीवाणू विस्मृतीतच पडून होता, एवढे यावरून ध्यानात येते.

त्याला पुन्हा उजेडात आणले उंदरांनी. 1954 साली ऑरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखरेचा आहार दिला, आणि त्यांचे दात किडले नाहीत. म्हणजे एकटी साखर दोषी नव्हती. 1960 साली पॉल कीज याने दात न किडणाऱ्या हॅमस्टरांना दात किडलेल्या हॅमस्टरांच्या पिंजऱ्यात ठेवले, आणि काही काळाने त्यांचेही दात किडू लागले. दंतक्षय हा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारा, अक्षरशः संसर्गजन्य रोग आहे, असा हा निकाल होता. आणि जो रोग संसर्गाने होतो त्याला लस असू शकते, हा विचार त्यापाठोपाठ आलाच.

आता मुख्य विषयाकडे वळतो. तोंड ही वाहती नदी आहे. लाळ अहोरात्र झरते, जीभ घासते, घोट गिळले जातात, आणि जो जीवाणू कशाला तरी धरून राहू शकत नाही तो काही वेळात पोटात जाऊन नष्ट होतो. सबब दंतक्षयाचे सारे रहस्य या एका प्रश्नात आहे: हा जीवाणू दाताला धरतो कशाने? दात घासल्यावर काही मिनिटांतच दंतवल्कावर, म्हणजे ज्याला आपण सर्रास एनॅमल म्हणतो त्यावर, लाळेतील प्रथिनांचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा बसतो. त्यात एक मोठे शर्करायुक्त प्रथिन असते. हे प्रथिन लाळेत मोकळे तरंगत असले म्हणजे जीवाणूंना चिकटून त्यांची गोळी बनविते, आणि ती गोळी आपण गिळून टाकतो. तेव्हा ते आपले रक्षक असते. परंतु तेच प्रथिन दातावर स्थिरावले की म्यूटन्सला पाय रोवायला जागा मिळते. देहाने स्वतःच्या संरक्षणासाठी निर्माण केलेल्या वस्तूची शत्रूने शिडी करावी, असा हा प्रकार आहे, आणि जीवशास्त्र वाचताना असले दाखले मला नेहमी अंतर्मुख करून सोडतात.

म्यूटन्सच्या बाजूने या शिडीला धरणारा जो हात आहे, तोच आपल्या लेखाचा नायक. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये मायकेल रसेल व थॉमस लेनर यांनी 1978 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'प्रतिजन 1/2' असे नाव दिले. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्याच प्रथिनाला पी-वन, पी-ए-सी, स्पा-पी अशीही नावे दिली आहेत. एकाच इसमाची नोंद चार कचेऱ्यांत चार नावांनी व्हावी, तसा हा घोळ नवख्या वाचकाला बरेच दिवस छळतो. सुमारे 1560 अमिनो आम्लांची ही साखळी जीवाणूच्या आत तयार होते. तिच्या शेपटाकडे पाच अमिनो आम्लांची एक ठरावीक खूण असते. सॉर्टेज नावाचे एंझाइम ती खूण ओळखते, चौथ्या व पाचव्या आम्लाच्या मध्ये छेद देते, आणि कापलेले टोक जीवाणूच्या भिंतीतील जाळीला पक्क्या रासायनिक बंधाने जोडून टाकते. भिंतीत खुंटी ठोकून तिला दोर बांधावा तसे ते प्रथिन एका टोकाने कायमचे जखडले जाते व दुसरे टोक बाहेर पसरून राहते.

या दोराचा आकार 2010 साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातील चॅम्पियन देवनायगम् यांच्या गटाने स्फटिक-क्षकिरण पद्धतीने उलगडला, आणि तो पाहून जाणकारही चकित झाले. आपल्याकडे अंबाडीच्या दोन पेडांना पीळ देऊन दोर वळतात हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना तो चटकन समजेल. या प्रथिनाच्या साखळीत एका जागी अॅलॅनिन या आम्लाची आवर्तने आहेत व बऱ्याच पुढे प्रोलिनची. साखळी मध्यावर दुमडते, अॅलॅनिनचा पेड आणि प्रोलिनचा पेड एकमेकांशेजारी येतात आणि परस्परांभोवती वळसे घेत एक लांब, ताठ काठी बनवितात. दुमडीच्या ठिकाणी, म्हणजे काठीच्या अगदी टोकाला, एक गोलसर बोंड असते. सुमारे 50 नॅनोमीटर लांबीचे हे एकूण बांधकाम आहे. म्हणजे एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतला एक. जीवाणूच्या अंगावर अशा काठ्या गर्दीने उभ्या असतात, आणि त्यांच्या बळावर तो लाळेच्या प्रवाहात दाताच्या पापुद्र्याला लागून राहतो.

एवढ्याने तो नुसता बसतो. घर बांधतो ते साखरेने. येथे आमच्या म्हैसूरचा इतिहास आपोआप डोळ्यांसमोर येतो. कावेरीवर कृष्णराजसागर धरण झाले, त्याच्या कालव्याने मंड्याची कोरडी जमीन भिजली, उसाची लागण वाढली, आणि 1933 साली मंड्याला म्हैसूर शुगर कंपनी स्थापन झाली. राज्याच्या समृद्धीच्या दृष्टीने ती अभिमानाचीच गोष्ट होती. काकासुर मादप्पा या राजवाड्यातील आचाऱ्याने डाळीचे पीठ, तूप आणि साखर यांतून जे पक्वान्न घडविले, असे सांगतात, ते 'म्हैसूरपाक' या नावाने साऱ्या देशात गेले. बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव धारण करणाऱ्या येथल्या मोठ्या रस्त्यावर त्याची दुकाने आहेत, आणि दसऱ्याच्या दिवसांत तेथे पाय ठेवायला जागा नसते. मला स्वतःला तो अतिशय प्रिय आहे, आणि त्याच्यावर फिर्याद गुदरण्याचा माझा मुळीच इरादा नाही. परंतु त्याचा तुकडा जिभेवर विरघळतो तेव्हा दातांच्या फटीत काय घडते तेही सांगितले पाहिजे. म्यूटन्सच्या पृष्ठभागावर आणि आसपास ग्लुकोसिलट्रान्स्फरेज नावाची तीन एंझाइमे काम करीत असतात. खाण्याची साखर म्हणजे सुक्रोज. तिचा रेणू ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोघांच्या जोडीचा असतो. ही एंझाइमे ती जोडी तोडतात, आणि तोडताना जी ऊर्जा सुटते तिच्याच बळावर ग्लुकोजचे मणी एकात एक ओवून ग्लुकान नावाचा, पाण्यात न विरघळणारा चिकट धागा तयार करतात. सुटे ग्लुकोज किंवा सुटे फ्रुक्टोज दिले तर हा धागा निघत नाही. त्याला सुक्रोजच लागते. या धाग्यांत जीवाणू आपल्या हजारो भाईबंदांसह गुरफटून राहतो, आणि ग्लुकानला धरणारी आणखी काही प्रथिने त्याच्या अंगावर असतात ती हे बांधकाम सांधून ठेवतात.

आत, लाळ जेथे पोचत नाही अशा जागी, तो उरलेल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करीत राहतो. आम्लता वाढून पीएच 5.5 च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. इतर अनेक जीवाणू अशा आम्लात थंडावतात, पण म्यूटन्स आपल्या पेशीतील आम्ल बाहेर उपसून टाकीत कामाला लागलेलाच असतो. खाणे थांबले की अर्ध्यापाऊण तासाने लाळ आम्ल निवविते आणि गेलेली खनिजे काही अंशी पुन्हा भरून निघतात. पण जे मूल तासातासाला काहीतरी गोड तोंडात टाकते, किंवा साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपी जाते, त्याच्या दाताला ही उसंत मिळत नाही.

तेव्हा लशीचा विचार करणाऱ्यांपुढे तीन निशाणे स्पष्ट होती: पापुद्र्याला धरणारा प्रतिजन 1/2, साखरेचे धागे विणणारी एंझाइमे, आणि ते धागे सांधणारी प्रथिने. जीवाणूला ठार मारण्याची आवश्यकताच नव्हती. काठीच्या टोकावर प्रतिपिंड (अँटिबॉडी) जाऊन बसले की हात रिकामा राहतो. बाकीचे काम लाळ करते. ही योजना मला आजही अत्यंत सुंदर वाटते, कारण तीत देहाच्या स्वाभाविक व्यवहाराला फक्त थोडे साहाय्य करावयाचे आहे.

विल्यम बोवेन याने 1969 साली माकडांवरील पहिला प्रायोगिक अनुभव प्रसिद्ध केला, आणि पुढच्या दशकात या क्षेत्रात दोन पक्ष उभे राहिले. लंडनचा लेनर यांचा पक्ष म्हणे की, दंडात सुई टोचावी. रक्तात जे प्रतिपिंड निर्माण होतील ते हिरडी व दात यांमधील सूक्ष्म खाचेतून तोंडात झिरपतील. 1980 साली त्यांनी ऱ्हीसस माकडांना शुद्ध केलेले प्रथिन टोचून दंतक्षय कमी झाल्याचे दाखविले. अमेरिकेतील पक्षाचे म्हणणे निराळे होते: तोंडाचे रक्षण लाळेतील आयजीए नावाचे प्रतिपिंड करतात, आणि ते निर्माण करावयाचे तर लस तोंडाने किंवा नाकाने दिली पाहिजे. सुझान मिकालेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली उंदरांना मारलेले म्यूटन्स खाऊ घालून लाळेत आयजीए आणि दातांत कीड कमी, असे दोन्ही एकदम दाखविले. बॉस्टनच्या फोर्सिथ संस्थेत मार्टिन टॉबमन आणि डॅनियल स्मिथ यांनी आपले आयुष्य धागे विणणाऱ्या एंझाइमांवर खर्च केले. दोन्ही पक्षांकडे पुरावा होता. माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे, कारण दाढेच्या चिरांपर्यंत लाळच पोचते, हिरडीच्या खाचेतला द्रव क्वचितच.

मग अडले कोठे? 1976 साली असे आढळले की, म्यूटन्स टोचलेल्या सशांच्या रक्तातील काही प्रतिपिंड मनुष्याच्या हृदयाच्या स्नायूलाही जाऊन चिकटतात. ज्या देशात घशाच्या साध्या संसर्गानंतर, म्यूटन्सच्याच कुळातल्या दुसऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकसमुळे, मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात, त्या आपल्या देशातील वाचकाला या बातमीचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही. दातासाठी हृदय धोक्यात घालावयाचे काय, असा सवाल उभा राहिला, आणि त्याला एकच उत्तर असू शकत होते. पुढे 1990 च्या सुमारास शुद्ध प्रथिन व संपूर्ण जीवाणू यांची बारकाईने तपासणी होऊन प्रतिजन 1/2 वरचा हा आरोप टिकण्याजोगा नाही असे दिसून आले. पण दरम्यान चौदा वर्षे निघून गेली होती, भांडवल घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता, आणि फ्लोराइडयुक्त दंतमंजनामुळे श्रीमंत देशांतील दंतक्षय पुष्कळ उतरला होता. प्रकरण निकालात निघाले नाही. ते तहकूब झाले, आणि आजतागायत तहकूबच आहे.

या कालखंडातील एक प्रयोग मात्र विस्ताराने सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लस देऊन देहाकडून प्रतिपिंड करून घेण्याऐवजी तयार प्रतिपिंडच दातांना लावले तर? गायज् हॉस्पिटलमध्ये प्रतिजन 1/2 विरुद्धचा असा एक प्रतिपिंड तयार झालेला होता. लाळेतील आयजीएसारखी त्याची संपूर्ण बांधणी करणे अवघड. पण 1995 साली ज्युलियन मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चक्क तंबाखूच्या झाडाकडून करून घेतली. प्रतिपिंडाचे निरनिराळे भाग बनविणारी जनुके निरनिराळ्या रोपांत घातली, रोपांचा संकर केला, आणि शेवटच्या पिढीच्या पानांत सर्व भाग एकत्र जुळून पूर्ण प्रतिपिंड निघाला. ज्या वनस्पतीने आपल्या देशात असंख्य मुखांची नासाडी केली, तिच्याच पानात मुखाचे औषध पिकावे, या गोष्टीचे मला फार समाधान वाटते. 1998 साली त्याचा मनुष्यांवर प्रयोग प्रसिद्ध झाला: आधी जंतुनाशकाने दातांवरील म्यूटन्स काढून टाकला, मग काही आठवडे प्रतिपिंड दातांना लावला. तोंडात तो टिकतो जेमतेम तीन दिवस. पण म्यूटन्स निदान चार महिने परतला नाही. बहुधा त्याची रिकामी जागा इतर निरुपद्रवी रहिवाशांनी बळकावली, आणि त्याला परत घर मिळेना. एकदा जागा गेली की गेली, हा नियम जीवाणूंनाही लागू आहे.

अलीकडे चीनमध्ये वुहान येथील संशोधकांनी प्रतिजन 1/2 चा तुकडा व जीवाणूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन एकत्र जोडून नाकाने देण्याजोगी लस तयार केली आणि उंदरांत कीड कमी झाल्याचे दाखविले. फ्लॅजेलिनमुळे देहाची प्रतिकारव्यवस्था जागी होते, म्हणून वेगळे उत्तेजक घालावे लागत नाही. मार्ग अजून खुला आहे, एवढे यावरून दिसते.

आक्षेपही सच्चे आहेत, आणि ते दडवून ठेवणे योग्य नव्हे. दात किडविणारा म्यूटन्स एकटा नाही. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम आदी आम्लकारक मंडळी त्याच्या जागी येऊ शकतात. तोंडातील काही मूळ रहिवासी आयजीएला कापणारे एंझाइमही बाळगतात. शिवाय ज्या रोगाने माणूस मरत नाही त्याच्यासाठी कोट्यवधी निरोगी बालकांना लस द्यावयाची, तर ती जवळजवळ निर्धोक असली पाहिजे, आणि तसे सिद्ध करणे खर्चाचे काम आहे. हे सगळे मान्य करूनही माझे मत असे की, 'माणूस मरत नाही' या तीन शब्दांत आपण या रोगाचा फार स्वस्तात निकाल लावला आहे. भारतीय दंतपरिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत 5 वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्के, 12 वर्षांच्यांपैकी 53.8 टक्के आणि 35 ते 44 वयोगटातील 80.2 टक्के लोकांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात 51 कोटी 40 लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. ज्याने त्या बाकावर गालाला हात लावून बसलेले चार वर्षांचे मूल पाहिले आहे, त्याला रात्रभर न झोपलेले ते मूल, सकाळी न जेवलेले ते मूल, या आकड्यांत दिसू शकेल.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. म्यूटन्स बाळाच्या तोंडात जन्मतः नसतो. तो बहुतेक वेळा आईच्याच तोंडातून येतो, चाखून पाहिलेल्या चमच्यातून, चावून मऊ करून भरविलेल्या घासातून. 1993 साली पेज कॉफील्ड यांनी केलेल्या निरीक्षणात त्याचा शिरकाव मुख्यतः 19 ते 31 महिन्यांच्या वयात, दुधाच्या दाढा फुटत असताना, झालेला आढळला. पुढील निरीक्षणांत त्याच्या आधीचीही उदाहरणे मिळाली आहेत. वर्षभराच्या बाळाची लाळ स्वतःचे आयजीए बनवू शकते. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांत व दुसरी 16 ते 24 महिन्यांत देतात. म्हणजे दातांची लस उद्या सिद्ध झाली, तर तिच्यासाठी वेगळा दिवस, वेगळी रांग, वेगळा बंदोबस्त काहीच लागणार नाही. दंतमहाविद्यालये, शंभर वर्षांहून जुने विद्यापीठ, आणि चेलुवांबा प्रासादात 1950 पासून काम करणारी केंद्रीय अन्न संशोधन संस्था एकाच गावात असलेल्या म्हैसूरसारख्या ठिकाणाहून हे काम हाती घेतले जावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. जीवाणू जागतिक असला तरी मूल, त्याचा आहार आणि त्याच्या आईची भरविण्याची रीत येथलीच आहे, आणि त्यांचा अभ्यास येथेच व्हावयास हवा.

मातांना, आणि नातवंडांना भरविणाऱ्या आजीआजोबांना, एवढेच सांगतो. बाळाचा चमचा आपल्या तोंडात घालू नका, आपली किडलेली दाढ बाळंतपणाच्या आधीच दुरुस्त करून घ्या, आणि गोवराच्या सुईसाठी बाळाला आरोग्यकेंद्रात नेण्याच्या दिवशी घरातून निघण्यापूर्वी त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत समोरच्या दातांवर खडूने ओढल्यासारखी दुधी पांढरी रेघ दिसली, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. तेथवर खनिज परत भरून येऊ शकते, खड्डा पडल्यावर येत नाही.